‘गेलो होतो’चे इंग्रजी

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आठवीच्या मुलांकडून इंग्रजीत दहा ओळी लिहून घेतल्या, की बऱ्याच वह्यांत थोड्याफार फरकाने एकच मजकूर सापडतो : ‘आय हॅड गॉन टु माय मामाज व्हिलेज. वी हॅड ईटन मँगोज. आय हॅड स्वम इन द वेल.’ मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवताना अशा वह्या मी वर्षानुवर्षे तपासल्या, ‘हॅड’वर लाल काट मारली, वर ‘वेंट’ लिहिले आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा तीच काट मारली. एकदा एका मुलाच्या वहीपाशी जरा थांबलो. या मुलाला ‘स्विम’चे तिसरे रूप ‘स्वम’ होते हे बिनचूक ठाऊक होते, ‘ईट’चे ‘ईटन’ होते हेही ठाऊक होते. भिंतीवरच्या तक्त्यातली क्रियापदांची तिन्ही रूपे त्याने चोख पाठ केली होती. तरीही त्याची तिन्ही वाक्ये चुकली होती, आणि ती का चुकली हे त्याला सांगता येईल असे एकही वाक्य मी तोवर वर्गात उच्चारले नव्हते.

चूक त्याच्या पाठांतरात नव्हती, त्याच्या मराठीत तर मुळीच नव्हती. मराठीत आपण ‘मी सुट्टीत मामाकडे गेलो होतो’ असेच म्हणतो, कारण जाऊन परत आलेला माणूस ‘गेलो होतो’ म्हणतो. ‘राम आला आहे’ म्हणजे तो अजून इथे आहे. ‘राम आला होता’ म्हणजे येऊन गेला. ‘होता’ लागला की ती गोष्ट घडून मागे पडली, तिचा परिणाम आता समोर उरलेला नाही, हे मराठी कानाला आपोआप कळते. इंग्रजीतल्या ‘हॅड’चे काम निराळे आहे. भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी घटना घडून गेलेली असेल, तर त्या आधीच्या घटनेला ‘हॅड’ लागतो. मी स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटून गेली होती, अशा वाक्यात. नुसते मामाकडे जाऊन आल्याचे सांगायला इंग्रजीला ‘वेंट’ पुरते. आता गंमत अशी, की मराठीच्या तासाला ‘गेलो होतो’ या रूपाचे नाव मुलाला ‘पूर्ण भूतकाळ’ असे सांगितले जाते, आणि इंग्रजीच्या तासाला ‘हॅड गॉन’ या रूपाचे नावही ‘पूर्ण भूतकाळ’ असेच सांगितले जाते. नाव एकच असेल तर वस्तूही एकच असणार, असा निष्कर्ष मुलाने काढला, तर तो तर्काला धरूनच आहे. त्याला चुकीच्या रस्त्याला आपणच लावले आहे.

इंग्रजीचे व्याकरण शिकवावे की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे जो वाद चालतो, त्यात या वहीतल्या वाक्याला कुठेच जागा नसते. एक पक्ष म्हणतो, की पाया कच्चा राहिला. पूर्वीसारखी काळांची कोष्टके आणि क्रियापदांची रूपे घोकून घेतली पाहिजेत. दुसरा पक्ष म्हणतो, की लहान मूल मातृभाषा शिकताना व्याकरण शिकत नाही, तेव्हा इंग्रजीही ऐकून-बोलूनच येईल, व्याकरण बाजूला ठेवा. महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, त्याआधी ती पाचवीपासून होती. पहिलीपासून कानावर इंग्रजी पडू लागली की पुढची वाट सोपी होईल, ही त्यामागची अपेक्षा रास्त होती. मात्र वर्षे वाढवल्याने भाषा येते असे दिसत नाही. देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२ सालच्या अहवालात, इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचू शकणारी पाचवीतली मुले २४.५ टक्के आणि आठवीतली ४६.७ टक्के होती. २०१६ साली हेच आकडे २४.७ आणि ४५.३ होते. सहा वर्षांत म्हणण्यासारखा फरक पडलेला नाही, आणि हे वाचण्यापुरतेच झाले. स्वतःचे वाक्य जुळवणे त्याच्या पुढचे.

ऐकून-बोलून भाषा येते हे खरेच आहे, पण त्यासाठी दिवसभर ती भाषा कानावर पडावी लागते. सोलापूर किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या शाळेत दिवसाला इंग्रजीचा एक तास असतो आणि त्या तासातलाही बराच वेळ फळ्यावरचे उतरवून घेण्यात जातो. अशा ठिकाणी व्याकरण काढून टाकले तर त्याच्या जागी येणारे काहीच नसते. म्हणून व्याकरण शिकवावेच लागेल, या मताचा मी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की ते मराठीतून, मराठीशी ताडून शिकवावे आणि मुख्यतः त्या जागांवर शिकवावे जिथे दोन भाषांचे रस्ते फुटतात. आज आपण ते असे शिकवतो, की जणू वर्गात बसलेल्या मुलाला कोणतीच भाषा येत नाही.

‘डिड नॉट वेंट’ हे उदाहरण घेऊ, कारण या एका चुकीने इंग्रजीच्या शिक्षकांच्या जितक्या लाल शाया संपवल्या असतील तितक्या दुसऱ्या कशानेच नसतील. मराठीत ‘तो गेला’ याचा नकार ‘तो गेला नाही’ असा होतो. ‘गेला’ हे रूप जिथल्या तिथे राहते आणि पुढे ‘नाही’ येऊन बसतो. मूल हेच इंग्रजीत करते : भूतकाळ ‘वेंट’मध्ये आहे, तो तिथेच ठेवायचा आणि नकार जोडायचा. शिक्षक सांगतात, ‘डिड’नंतर मूळ रूप येते, हा नियम आहे. नियम पाठ होतो आणि चाचणीतल्या गाळलेल्या जागेपुरता टिकतो. पण हाच नियम मराठीत मूल रोज वापरते, हे त्याला कुणी दाखवत नाही. ‘तू जातोस’ याचा नकार कसा होतो? ‘तू जात नाहीस.’ ‘ते जातात’ याचा? ‘ते जात नाहीत.’ ‘जातोस’मधला ‘स’ उठून ‘नाही’ला जाऊन चिकटला आणि क्रियापद ‘जात’ एवढेच उरले. इंग्रजीतले ‘ही गोज’ आणि ‘ही डझ नॉट गो’ यांत नेमके हेच घडते. ‘गोज’चे शेपूट ‘डू’ला जाऊन चिकटते. एकदा ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून बाण काढून दाखवली, की ‘वेंट’मधला भूतकाळही असाच उठून ‘डिड’मध्ये जाऊन बसतो, हे सातवीच्या मुलाला पाच मिनिटांत कळते. त्यानंतर चुका होतच नाहीत असे नाही, होतात; पण मूल आपली चूक आपण पकडू लागते, आणि शिकवण्याचे फळ मोजायचेच असेल तर ते इथे मोजावे.

अनियमित क्रियापदांचेही असेच आहे. ‘गो’चे ‘वेंट’ कसे काय होते, दोघांत एक अक्षर तरी सारखे आहे का, असे मुले विचारतात आणि इंग्रजी ही लहरी भाषा आहे असा समज करून घेतात. त्यांना विचारावे, की ‘जा’चे ‘गेला’ कसे झाले? ‘बस’चे ‘बसला’, ‘उठ’चे ‘उठला’, मग ‘कर’चे ‘करला’ का नाही, ‘मर’चे ‘मरला’ का नाही? ‘ये’चे ‘आला’, ‘हो’चे ‘झाला’, ‘दे’चे ‘दिला’, ‘पी’चे ‘प्याला’, ‘सांग’चे ‘सांगितला’. घरातले तीन वर्षांचे पोर ‘मी करलं’ म्हणते तेव्हा आपण हसतो आणि पुढे ते आपोआप ‘केलं’ म्हणू लागते. इंग्रजी मूलही त्या वयात ‘गो’ला ‘ड’ जोडून ‘गोड’ म्हणते आणि पुढे ‘वेंट’वर येते. अशी रूपे भाषेत टिकतात ती सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांचीच, कारण रोज तोंडात असलेले रूप विसरले जात नाही आणि क्वचित लागणारे रूप नियमाच्या रांगेत जाऊन उभे राहते. इंग्रजीतली सर्वाधिक वापरातली दहा क्रियापदे, बी, हॅव, डू, से, गो वगैरे, सगळीच्या सगळी अनियमित आहेत. यावरून शिकवण्याचा क्रमही ठरतो. भिंतीवरच्या तक्त्यात शे-दीडशे क्रियापदे वर्णानुक्रमे टांगलेली असतात आणि मुले ‘अराइज-अरोज-अरिझन’पासून घोकायला लागतात, हे रूप त्यांना शाळा संपेपर्यंत एकदाही लागणार नसते. पहिली पंचवीस क्रियापदे वापराच्या क्रमाने घ्यावीत आणि ती वाक्यातच घ्यावीत, सुटी नव्हे.

नियमित क्रियापदे सोपी मानून आपण सोडून देतो, तिथेही एक खड्डा आहे. ‘ईडी’ प्रत्ययाचा उच्चार तीन प्रकारे होतो. ‘वर्क’ला तो ‘ट’ होऊन लागतो, ‘प्ले’ला ‘ड’ होऊन, आणि ‘वाँट’सारख्या शब्दाला ‘इड’ होऊन. आपली मुले ‘वर्केड’, ‘वॉशेड’ म्हणतात, कारण मराठीत लिहिले तसे वाचायचे असते आणि शिक्षकही तसेच वाचतात.

आता ‘लाय’ आणि ‘ले’ ही जोडी. इंग्रजीत मुरलेली माणसेही हिच्यापाशी अडखळतात. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, पडून राहणे. त्याचा भूतकाळ ‘ले’. आणि दुसरे क्रियापद ‘ले’ म्हणजे ठेवणे, घालणे, जसे कोंबडी अंडे घालते. त्याचा भूतकाळ ‘लेड’. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचे मूळ रूप एकच, त्यामुळे पाठांतर करणारा हमखास गडबडतो. तशीच जोडी ‘फॉल’ आणि ‘फेल’ यांची : झाड पडले तर ‘फेल’, पण झाड पाडायचे तरी क्रियापद ‘फेल’च. मराठी मुलाला ही जोडी मुळीच परकी वाटायचे कारण नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, बसणे-बसवणे : एक क्रिया आपोआप होते, दुसरी कुणीतरी घडवून आणतो. जुन्या इंग्रजीतही हीच सोय होती आणि ‘सिट’ व ‘सेट’, ‘लाय’ व ‘ले’, ‘फॉल’ व ‘फेल’ हे तिचे उरलेसुरले अवशेष आहेत. इंग्रजीत ते विखुरलेले आहेत. मराठीत ही यंत्रणा धडधडीत चालू आहे. म्हणजे या एका बाबतीत इंग्रज मुलापेक्षा आपल्या मुलाला हे जास्त सहज कळायला हवे. पण ‘पडणे आणि पाडणे यांत फरक काय’ हा प्रश्न इंग्रजीच्या तासाला विचारणे आपल्याकडे अवांतर मानले जाते.

वाक्यरचनेत मराठीची जोडशब्दांची सवय सर्वांत जास्त आडवी येते. जरी म्हटले की तरी आलाच, जो म्हटला की तो, जेव्हा म्हटले की तेव्हा. त्यामुळे ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड’ हे वाक्य दहावीच्या उत्तरपत्रिकेतच नव्हे, तर पदवीधरांच्या अर्जांतही भेटते. यातला ‘बट’ म्हणजे आपला ‘तरी’ आहे. इंग्रजी दोघांपैकी एकालाच ठेवून घेते, दुसऱ्याला दारातूनच परत पाठवते, एवढे सांगितले तरी बरेचसे काम होते. पण वर्गात ‘ऑल्दो’चा अर्थ ‘जरी’ असा लिहून देऊन थांबले जाते आणि मग ‘तरी’ बिचारा आपली जागा शोधत येतो.

प्रयोगांचा घोळ याहून मोठा. ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे कर्मणी प्रयोग, असे आपण सर्रास सांगतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते : आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फळ खाल्ले. पण त्याचे इंग्रजी ‘राम एट अ मँगो’ असे सरळ कर्तरी होते. ज्या मुलाने मराठीची व्याख्या नीट समजून घेतली आहे, तोच इथे ‘मँगो वॉज ईटन बाय राम’ लिहून फसतो. ज्याला काहीच समजलेले नाही तो वाचतो. इंग्रजी पॅसिव्हला जवळचे मराठी रूप हवेच असेल, तर ते ‘पूल बांधला गेला’, ‘चोर पकडले गेले’ असे आहे, आणि त्याचा खरा उपयोग करणारा कोण हे ठाऊक नसताना किंवा सांगायचे नसताना होतो. सरकारी पत्रव्यवहारातले ‘आपणांस कळविण्यात येते की’ हे त्याचे सख्खे भावंड. हे उदाहरण दिले की मुले हसतात आणि लक्षात ठेवतात.

मराठी व्याकरणाची आधुनिक मांडणी सुरुवातीपासून इंग्रजी व्याकरणाकडे पाहत झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपला शास्त्रीय व्याकरणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मराठीचे वळण मराठीतूनच तपासण्याचा आग्रह धरला. दोन्ही भाषांच्या परिभाषेत अशी सरमिसळ होणे म्हणूनच नवलाचे नाही. नवल याचे, की जवळपास एकशेनव्वद वर्षांनंतरही दोन तासांचे दोन शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत. पुष्कळ शाळांत तर दोन्ही तास एकच शिक्षक घेतो, आणि तोही स्वतःशी बोलत नाही.

मराठीतून इंग्रजी शिकवण्याची कल्पना माझ्या पदरची नाही. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या (हे दादोबा नव्हेत) भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत दोष होतेच. तिच्यातून आलेल्या माणसांना लिहिता-वाचता उत्तम येई आणि बोलताना घसा कोरडा पडे. पुढे भाषांतर पद्धत मागासलेली ठरली आणि इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारू नये, असा दंडक आला. काही शाळांत तर मराठी बोलल्याबद्दल पोरांकडून दंडही घेतला जातो. ज्या शिक्षकाला स्वतःला सलग पाच मिनिटे इंग्रजी बोलण्याचा सराव नाही, त्याच्यावर हा दंडक लादला की तो वर्गात बोलायचेच सोडतो आणि मार्गदर्शिकेतले वाचून दाखवतो. मराठीत त्याला शंका विचारता येतात, उदाहरणे सुचतात, विनोद करता येतो. इंग्रजीत तो फक्त ‘अंडरस्टँड?’ एवढेच विचारू शकतो आणि त्याला साठ मुले एका सुरात ‘येस सर’ म्हणतात.

यावर घेतला जाणारा आक्षेप असा, की मराठीचा आधार दिला तर मुले कायम मराठीत विचार करून इंग्रजीत उलथा करत राहतील. आक्षेप खोटा नाही. पण मराठीतून उलथा ती आजही करतातच. ‘हॅड गॉन’ हा त्याचाच पुरावा आहे. मराठी वर्गाबाहेर ठेवल्याने ती मुलांच्या डोक्याबाहेर जात नाही; फक्त डोक्यात जे चालले आहे ते शिक्षकाला दिसेनासे होते. तुलना मराठीतून करावी, एकदाच करावी आणि नंतर सराव मात्र भरपूर आणि इंग्रजीतूनच व्हावा. दहा मिनिटे फळा आणि तीस मिनिटे तोंड, असे प्रमाण मला योग्य वाटते. व्याकरणावर सगळा तास घालवणाऱ्या शिक्षकाची बाजू मी घेत नाही.

हे प्रमाण बिघडवण्याचे काम आपल्या परीक्षेने केले आहे. ‘डू ॲज डायरेक्टेड’ या प्रश्नप्रकारासाठी वर्षभर जी तालीम चालते, तिच्यात वाक्ये उलटीपालटी करणे हाच उद्योग असतो. ‘ॲज सून ॲज’ काढा, ‘नो सूनर दॅन’ घाला. ‘टू’ काढून टाका. अर्थ न बदलता नकारार्थी करा. दिलेल्या वाक्यावर अशी कसरत करून मुलगा पैकीच्या पैकी गुण मिळवतो आणि त्याला काल काय केलेस असे विचारले तर ‘हॅड’ने सुरुवात करतो. ‘नो सूनर’ हे रूप इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही तोंडी फारसे नसते. मराठी मुलाला ते दहावीनंतर भेटण्याची शक्यता नगण्य आहे. त्या गुणांपैकी निम्मे गुण जरी एका साध्या प्रश्नाला दिले, चार मराठी वाक्ये द्यावीत, ‘मला भूक लागली होती’, ‘तू काल का आला नाहीस?’, ‘जरी उशीर झाला तरी आम्ही थांबलो’, ‘पूल पाडला गेला’, आणि त्यांचे बोलीतले सहज इंग्रजी करा असे म्हणावे, तर पुढच्याच जूनमध्ये राज्यातल्या वर्गांतली तालीम बदलेल. आपल्याकडे अभ्यासक्रम प्रश्नपत्रिकेकडे बघून शिकवला जातो, हे कितीही वाईट असले तरी सुधारणा करणाऱ्याला त्याचा उपयोग करून घेता येतो.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा मुद्दा यानंतर येतो आणि तो अवघड आहे. तुलना करायची तर शिक्षकाला मराठीचे व्याकरण चांगले यायला हवे, आणि इंग्रजीचे बहुतेक शिक्षक मराठी व्याकरणाशी आपला संबंध दहावीतच संपला असे मानतात. प्रशिक्षणात त्यांना खेळ, गाणी, चित्रपट्ट्या यांची माहिती भरपूर मिळते, ‘मराठी मूल ही चूक का करते’ याची जवळजवळ मिळत नाही. वीस-पंचवीस नेहमीच्या चुका, प्रत्येकीमागची मराठी रचना आणि फळ्यावर दाखवायची एक जोडी, एवढी पुस्तिका तयार करायला ना मोठा निधी लागतो ना समिती. राज्यातल्या कोणत्याही तालुक्यातले चार अनुभवी शिक्षक एका रविवारी बसून तिचा कच्चा खर्डा करतील.

माझ्या या म्हणण्याला एक ठिकाणी खरीखुरी अडचण आहे, आणि ती मला मान्य आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात भिलीच्या बोली घरी बोलणारी मुले मराठी शाळेत येतात, तेव्हा मराठीच त्यांची दुसरी भाषा असते. मुंबई महापालिकेच्या शाळा तर आठ माध्यमांतून चालतात. तिथे ‘जातोस’ आणि ‘जात नाहीस’ यांचा दाखला देऊन इंग्रजी समजावणे म्हणजे एका परक्या गोष्टीने दुसरी परकी गोष्ट समजावणे. तिथे फळ्यावर तिसरा रकाना आखावा लागेल : तुमच्या घरी ‘तो गेला’ कसे म्हणतात, आणि ‘तो गेला नाही’ कसे म्हणतात? शिक्षकाला त्याचे उत्तर बहुधा येत नसेल. खडू मुलांच्या हातात द्यावा लागेल, आणि त्या रकान्यातले वाक्य बरोबर आहे की चूक हे ठरवायला मास्तरांना त्यांच्याकडेच बघावे लागेल.